मारणे आणि मरणे : संगणकातील स्मृतिटंचाईच्या व्यवस्थेचा इतिहास

१

प्रस्तुत निबंधाचा विषय वरवर पाहता भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला 'कर्नल' म्हणतात. यंत्रातील स्मृती पूर्णपणे संपली असता हा कर्नल काय करतो, आणि ते करीत असताना इतर अनेक कामे त्याच क्षणी चालू असल्यामुळे कोणते धोके उद्भवतात, ह्या प्रश्नाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. लिनक्स हा कर्नल त्यासाठी निवडला आहे, कारण त्याची साधने सर्वांना खुली आहेत. मूळ संहिता तर उपलब्ध आहेच. शिवाय २००५ पासून तिच्यातील प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कोणत्या कारणाने केला, ह्याचे टिपण त्या बदलासोबतच जतन केलेले आहे. मुकुंदराज आमच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे की विदर्भातील अंभोऱ्याचे, ह्या वादात ज्यांनी हस्तलिखितांचा धांडोळा घेतला, त्यांना असे अखंड साधन कधी लाभले नाही.

ह्या साधनांचे वाचन करताना जो निष्कर्ष हाती येतो तो आरंभीच सांगतो. टंचाईच्या प्रसंगी कोणाचा बळी द्यावा, ह्या प्रश्नावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु अधिक काळ पुरून उरलेली अडचण निवडीत नव्हती. मारणे आणि मरणे ह्यांच्यामध्ये जो अवधी जातो, त्या अवधीत मरणाऱ्याच्या मालमत्तेला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, हा प्रश्न खरा अवघड होता.

मराठी व्याकरणाचा येथे उपयोग होतो. 'मरणे' हे अकर्मक क्रियापद. 'मारणे' हे त्यापासून साधलेले सकर्मक. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आपल्या परिचयाच्या आहेत. पण 'मारणे' ह्याची गोष्ट थोडी निराळी आहे. 'पाडले' म्हटले म्हणजे पडले असे गृहीत धरता येते. 'मारले' म्हटल्याने मात्र मेला असे सिद्ध होत नाही. ते सांगावयाचे तर 'ठार मारले' किंवा 'मारून टाकले' असे म्हणावे लागते. युनिक्स परंपरेतील 'किल' ही आज्ञा नेमकी आपल्या साध्या 'मारले' सारखी आहे. ती केवळ एक संकेत पाठविते. संकेत पोहोचल्यानंतर मरावयाचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. पुढील सर्व इतिहास ह्या एका भेदातून निघाला आहे.

२

पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' ह्या संगणकाची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती. अशा यंत्रावर एका वेळी एकच काम चाले, म्हणून स्मृती अपुरी पडली तर तो त्या एका कामापुरता प्रश्न असे. १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात ॲटलास हे यंत्र सुरू झाले. त्याने लहानशी वेगवान स्मृती आणि मोठे परंतु संथ असे चुंबकीय पिंप ह्यांना ५१२ शब्दांच्या 'पृष्ठां'त विभागून एकच सलग भांडार असल्याचा भास निर्माण केला. भास आला तशी मर्यादाही आली. सर्वांना मिळून जे देऊ केले ते प्रत्यक्षातील साठ्याहून अधिक झाले, तर यंत्र पृष्ठांची ने-आण करण्यातच दमून जाते, हे पीटर डेनिंग ह्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले.

सहकार्याने चालणाऱ्या प्रक्रियांचे शास्त्र ह्याच दशकातले. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी 'सेमाफोर' ही कल्पना मांडली. सामाईक वस्तूला हात लावण्यापूर्वी एक क्रिया करावयाची आणि हात काढल्यावर दुसरी. ह्या क्रियांना त्यांनी दिलेली 'पी' व 'व्ही' ही नावे डच शब्दांवरून आली आहेत; त्यांतील 'व्ही' म्हणजे वाढविणे. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही कल्पना शिकवावी लागणार नाही. सामाईक विहिरीवर ज्याची 'पाळी' त्याने पाणी घ्यावे आणि इतरांनी थांबावे, हा नियम तो जन्मापासून पाहतो. ह्याच लेखनात, १९६५ मध्ये, डाइक्स्ट्रांनी दोन गोष्टी आणखी सांगितल्या. पहिली परस्परकोंडीची : दोन प्रक्रिया एकमेकींच्या हातातील वस्तूची वाट पाहत बसल्या, तर दोघीही कायमच्या अडतात. दुसरी सावध सावकाराची : प्रत्येकाने आपली कमाल गरज आधी सांगावी, आणि सर्वांची गरज कोणत्या तरी क्रमाने भागू शकेल अशी खात्री असेल तरच नवे कर्ज द्यावे. आयआयटी मुंबईचे डी. एम. ढमढेरे ह्यांच्यासारख्या लेखकांच्या पाठ्यपुस्तकांतून ही प्रकरणे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या आहेत.

व्यवहारात सावध सावकार चालला नाही, कारण आपली कमाल गरज किती ते कार्यक्रमाला आधी ठाऊक नसते. १९९१ मध्ये आरंभ झालेल्या लिनक्सने उलट रीत पत्करली. मागेल त्याला स्मृतीचे वचन द्यावयाचे आणि प्रत्यक्ष पृष्ठ मात्र तो त्यावर लिहू लागेल तेव्हाच पुरवावयाचे. एका प्रक्रियेपासून दुसरी जन्माला येते तेव्हाही दोघींत पृष्ठे सामाईक ठेवून, लिहिण्याची वेळ आली तरच नक्कल काढतात. बहुतेक वचने पूर्ण मागितलीच जात नाहीत, म्हणून ही रीत काटकसरीची ठरते. पण एखाद्या दिवशी सर्वांनी एकदम मागणी केली, तर वचन मोडणे भाग पडते. आणि वचन दिलेले असल्यामुळे 'नाही' म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते.

३

अशा प्रसंगी एखादी प्रक्रिया मारून तिची स्मृती मोकळी करणारी जी व्यवस्था लिनक्समध्ये आली तिला 'ओओएम किलर' म्हणतात. तिचा मूळ लेखक रिक व्हॅन रील. त्याच्या धारिकेवर १९९८ व २००० ही वर्षे नोंदलेली आहेत, आणि जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४ ह्या आवृत्तीत ही व्यवस्था होती. बळी निवडण्यासाठी त्याने 'वाईटपणा' मोजणारे एक सूत्र लिहिले. प्रक्रियेने व्यापलेली स्मृती हा त्याचा पाया. तिने संगणकाचा जितका वेळ खर्च केला असेल आणि ती जितका काळ चालू असेल, तितका वाईटपणा कमी. कारण जुने काम बुडाल्यास नुकसान मोठे. प्रशासकाच्या प्रक्रियेला सूट. ज्या प्रक्रियेने आपला अग्रक्रम स्वतःहून कमी केला असेल तिचा वाईटपणा दुप्पट. शक्य तो एकच बळी जावा, निरपराध मरू नये, आणि जो मरेल तो वापरकर्त्याला अपेक्षित असाच असावा, हे हेतू त्याने धारिकेतच लिहून ठेवले होते.

हे सूत्र दशकभर टीकेचा विषय झाले. २०१० च्या ऑक्टोबरात निघालेल्या २.६.३६ ह्या आवृत्तीत डेव्हिड रिएंटजेस ह्यांनी ते जवळजवळ नव्याने लिहिले. कालावधीची वर्गमुळे गेली आणि उपलब्ध स्मृतीचा किती हिस्सा प्रक्रियेने व्यापला आहे, हे सरळ मोजमाप आले. उणे १,००० ते अधिक १,००० असा एक आकडा देऊन प्रशासकाला त्यात फेरफार करता येऊ लागला. न्यायाच्या प्रश्नाचा निकाल अशा रीतीने पुष्कळसा लागला. परंतु ह्याच सुमारास दुसरा प्रश्न पुढे येत होता.

४

१९९६ च्या २.० ह्या आवृत्तीपासून लिनक्स एकाहून अधिक संस्कारक असलेल्या यंत्रांवर चालू लागला. स्मृती संपते तेव्हा ती एकाची संपत नाही, सर्वांची संपते. त्यामुळे प्रत्येक संस्कारकावरील प्रक्रिया एकाच क्षणी बळी शोधावयास निघते. प्रत्येकीने आपापला बळी घेतला, तर एकाच्या जागी चार मरतील, आणि पहिल्याची स्मृती सुटेपर्यंत थांबले असते तर उरलेल्या तिघांची गरजच पडली नसती.

म्हणून येथे पाळी लावावी लागली. २.६.२४ ह्या आवृत्तीत, म्हणजे २००८ च्या आरंभी, स्मृतीच्या प्रत्येक विभागावर 'येथे बळी घेणे चालू आहे' अशी खूण ठेवण्याची पद्धत आली. २०१५ च्या ४.२ ह्या आवृत्तीत योहानेस वायनर ह्यांनी त्या सर्व खुणा काढून संपूर्ण यंत्रासाठी एकच कुलूप ठेवले. ह्या कुलपाभोवतीचा व्यवहार पाहण्याजोगा आहे. ज्याला कुलूप मिळाले नाही तो दाराशी ताटकळत राहत नाही. 'कोणीतरी काम करीत आहे, म्हणजे प्रगती होत आहे' असे मानून तो अत्यल्प काळ झोपतो आणि स्मृती पुन्हा मागून पाहतो. ज्याला कुलूप मिळाले तोही लगेच मारीत नाही. आपण कुलपापर्यंत पोहोचेतो दुसऱ्याने बळी घेऊन स्मृती मोकळी केली नाही ना, हे तो एकदा तपासतो, आणि तीही पुरती मोकळी झाली आहे का हे पाहण्यासाठी नेहमीपेक्षा कडक मर्यादा लावतो. पाहणे आणि करणे ह्यांच्या मधल्या काळात जग बदललेले असू शकते, ही जाणीव ह्या एका तपासणीत सामावलेली आहे.

५

इतके करूनही यंत्रे गोठत होती. बळी निवडला जाई, संकेत पाठविला जाई, आणि पुढे काहीच होत नसे. ह्याचे कारण मरण्याच्या रीतीत होते. प्रक्रियेला मरण्यासाठी कर्नलमधून स्वतः बाहेर पडण्याची वाट चालावी लागते. त्या वाटेवर कुलपे असतात. बळी ज्या कुलपासाठी थांबला आहे ते कुलूप दुसऱ्या प्रक्रियेच्या हाती आहे. ती दुसरी प्रक्रिया स्मृतीची वाट पाहत आहे. ती स्मृती बळी मेल्याशिवाय सुटणार नाही. डाइक्स्ट्रांची परस्परकोंडी ती हीच.

कोंडी फोडण्याचा एक मार्ग म्हणजे दुसऱ्या प्रक्रियेला 'स्मृती नाही' असे स्पष्ट सांगणे. पण लिनक्समध्ये एक अलिखित रूढी होती : कर्नलची स्वतःची लहान मागणी, म्हणजे सलग आठ पृष्ठांपर्यंतची, सामान्यतः कधीच नाकारावयाची नाही. २०१४ च्या अखेरीस ह्या रूढीची उघड चर्चा झाली, तेव्हा अनेक विकासकांनाही तिचे आश्चर्य वाटले. रूढी मोडणे सोपे नव्हते. नकार आल्यावर चालावयाच्या वाटा संहितेत ठिकठिकाणी लिहिलेल्या होत्या. परंतु नकार कधी आलाच नसल्यामुळे त्या वाटांवरून कोणी चालून पाहिले नव्हते. जपानचे तेत्सुओ हांडा ह्यांनी यंत्र गोठविणारे प्रयोग पुनःपुन्हा करून ही अडचण केवळ तात्त्विक नाही हे दाखविले.

मे २०१६ मध्ये निघालेल्या ४.६ ह्या आवृत्तीत मिखाल होत्स्को ह्यांनी दुसरा मार्ग आणला. मूळ कल्पना मेल गोरमन ह्यांची. ओलेग नेस्तेरोव्ह ह्यांनीही ती स्वतंत्रपणे सुचविली होती. बळी आपल्या पायांनी मरेपर्यंत थांबावयाचे नाही. कर्नलच्याच एका स्वतंत्र धाग्याने जाऊन त्याची खाजगी स्मृती काढून घ्यावयाची. ज्याला मारले आहे तो त्या स्मृतीकडे पुन्हा पाहणार नाही, हे त्यामागील गृहीतक. ह्या धाग्याचे नाव 'रीपर', म्हणजे कापणी करणारा. त्याला स्वतःला कोंडीत सापडावयाचे नसते, म्हणून तो बळीच्या स्मृतीच्या नकाशावरील कुलूप मागून पाहतो. न मिळाल्यास क्षणभर थांबून पुन्हा मागतो. दहा वेळा प्रयत्न करूनही मिळाले नाही तर नाद सोडतो आणि दुसरा बळी निवडण्यास मोकळीक देतो. मारण्याचे आणि मरण्याचे काम येथे प्रथमच वेगवेगळ्या हातांत गेले.

६

गृहीतक बहुतांशी खरे होते. जेथे ते खरे नव्हते त्या जागा पुढील सहा वर्षांत एकेक करून उघड झाल्या. त्यांतील तीन येथे देतो.

पहिली जागा ऑगस्ट २०१७ मधील. बळी प्रक्रियेला अनेक धागे असू शकतात. त्यांतील एक धागा त्याच क्षणी आपल्या स्मृतीतील मजकूर एखाद्या फाइलमध्ये लिहीत आहे असे समजा. रीपरने ते पृष्ठ काढून घेतले. लिहिणाऱ्या धाग्याने पृष्ठ मागितले, तेव्हा कर्नलने नेहमीच्या उदारपणे शून्यांनी भरलेले कोरे पृष्ठ पुरविले. परिणामी फाइलमध्ये मजकुराऐवजी शून्ये जाण्याचा धोका निर्माण झाला. मरणारा मेला, पण मरता मरता, यंत्रावर मागे राहणारी नोंद खोटी करून गेला. उपाय असा केला, की ज्या नकाशाला रीपरचा हात लागला आहे त्यावर 'अस्थिर' अशी खूण ठेवावी, आणि त्यानंतर पृष्ठ मागणाऱ्यास कोरे पृष्ठ न देता चूक कळवावी.

दुसरी जागा अधिक बोधप्रद आहे. प्रक्रिया स्वतः मरू लागते तेव्हा आपला स्मृतीचा नकाशा तीच मोडते. हे काम करताना कुलूप घेण्याची गरज मानली जात नसे, कारण नकाशाचा शेवटचा वापरकर्ता आपणच, दुसरे कोणी उरलेले नाही, असे समजले जाई. सप्टेंबर २०१७ मध्ये, ४.१४ ह्या आवृत्तीसाठी, रीपरलाही त्याच वेळी काम करण्याची मुभा मिळाली, आणि जुनी समजूत नकळत खोटी ठरली. काही पृष्ठे 'हलवू नयेत' अशा खुणेची असतात, व रीपर ती वगळतो. मरणारी प्रक्रिया मात्र ती पृष्ठे सोडविताना खूण आधी पुसे आणि काम नंतर करी. मधल्या निमिषात रीपर तेथे पोहोचला, तर त्याला खूण दिसत नसे; तो पृष्ठे काढून घेई, आणि मरणारी प्रक्रिया पोकळीत हात घालून संपूर्ण कर्नल पाडी. मे २०१८ मध्ये रिएंटजेस ह्यांनी क्रम बदलला : प्रक्रिया बळी असेल तर तिने आधी कापणीचे काम स्वतःच उरकावे, झाल्याची नोंद करावी, कुलूप एकदा घेऊन सोडावे म्हणजे आत असलेला रीपर बाहेर पडेल, आणि मगच खुणा पुसाव्यात. सुरक्षेच्या दोषांच्या सार्वजनिक यादीत हा दोष २०१८ सालचा म्हणून नोंदलेला आहे.

तिसरी जागा २०२२ मधील. प्रक्रियांमधील काही कुलपे अशी असतात, की ती कोणाकडे आहेत ह्याची यादी धारक आपल्याच स्मृतीत ठेवतो. धारक मेला तर कर्नल ती यादी वाचून थांबलेल्यांना कळवितो. यादी म्हणजे जणू मृत्युपत्र. रीपर यादी वाचली जाण्यापूर्वीच पोहोचला, तर मृत्युपत्रच नाहीसे होई आणि जिवंत प्रक्रिया मृताच्या कुलपापाशी अनंतकाळ थांबत. ह्यावरचा उपाय नम्र आहे : बळी निवडल्यावर रीपरने दोन सेकंद थांबावे. ही हमी नव्हे, सवड आहे.

दरम्यान २०२१ च्या ५.१५ ह्या आवृत्तीत कापणीचा अधिकार कर्नलबाहेरील व्यवस्थापकांनाही मिळाला. सुरेन बागदासारियन ह्यांचे हे काम अँड्रॉइड फोनांच्या गरजेतून आले. तेथे कोणते ॲप मारावयाचे हे कर्नलबाहेरील एक सेवक ठरवितो. कापणारे हात वाढताच 'शेवटचा वापरकर्ता मीच' ही समजूत टिकणे अशक्य झाले. २०२२ मध्ये नकाशा मोडणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेने, ती बळी असो वा नसो, रीतसर कुलूप घेण्याचा नियम झाला. त्याबरोबर बळींसाठी राखलेली २०१८ ची खास वाट अनावश्यक ठरली आणि काढून टाकण्यात आली. अपवाद बंद झाला. सर्वांना एकच पाळी लागली.

७

ह्या इतिहासावर एक आक्षेप संभवतो. सावध सावकाराची रीत आधीच पाळली असती, तर बळी, कापणी आणि त्यांतील चुका ह्यांपैकी काहीच घडले नसते. लिनक्समध्ये वचने प्रत्यक्ष साठ्याच्या मर्यादेत ठेवण्याची सोय आहेही. परंतु तिची किंमत अशी, की कधीच न वापरल्या जाणाऱ्या वचनांपायी बरीचशी स्मृती पडून राहते आणि कामे विनाकारण नाकारली जातात. ज्यांनी उदारपणा पत्करला त्यांनी टंचाईच्या दिवसाची व्यवस्थाही पत्करली. आणि ती व्यवस्था इतर वेळच्या नियमांपेक्षा कमी काटेकोर असून चालत नाही, हे त्यांना सव्वीस संहितापुस्तकांच्या अभ्यासाने नव्हे, एकेका अपघाताने कळले.

आपल्याकडील महसुली व्यवहारात ह्याला समांतर अशी एक जागा आहे. खातेदार मृत्यू पावला म्हणजे त्याची जमीन व विहिरीतील हिस्सा त्याच क्षणी कागदावर वारसांचा होत नाही. वारसनोंद होते, फेरफार लिहिला जातो, हरकतीला मुदत दिली जाते, मग नोंद प्रमाणित होते. ह्या दिरंगाईबद्दल आपण तक्रार करतो, आणि ती पुष्कळदा रास्तही असते. पण मृत्यू आणि फेरफार ह्यांच्या मधल्या काळात जो पाळी मोडून मोट जुंपतो, तोच पुढील पिढीच्या भांडणाचे बी पेरतो, हे गावातील वडीलधारे जाणतात. लिनक्सच्या विकासकांना २०१६ ते २०२२ ह्या काळात कळले ते ह्याहून निराळे नाही : मरण हा क्षण नसून ती एक प्रक्रिया आहे, आणि ती चालू असेपर्यंत मृताच्या वस्तूंना हात लावणाऱ्या प्रत्येकाने, स्वतः मरणाऱ्यानेही, पाळी पाळली पाहिजे.

हा प्रश्न दूरच्या प्रयोगशाळांचा नाही. केज किंवा धारूरहून कारखान्याच्या फडावर गेलेल्या ऊसतोड कामगाराच्या हातातील अँड्रॉइड फोनातही हाच कर्नल आहे. स्वस्त फोनात स्मृती थोडी असते, म्हणून बळी घेण्याचा प्रसंग तेथे अधिक वेळा येतो. आपल्या विद्यार्थ्यांनी ह्या विषयाकडे वळताना बळी निवडण्याच्या सूत्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष 'मारले' आणि 'मेला' ह्यांमधील अंतराकडे द्यावे. मराठीने ते अंतर आपल्या क्रियापदांत आधीच नोंदवून ठेवले आहे.